सात जणींची गाडी

आमच्या भजनी मंडळात आम्ही सात जणी. एक पेटी, एक पखवाज, झांजा, टाळ आणि सात आवाज. श्रावण लागला की बोलावणी सुरू होतात ती थेट कार्तिकापर्यंत. गणपतीत तर एकेका रात्री तीन-तीन घरं होतात. चिपळूणच्या आसपासची गावं, जास्तीत जास्त दहा-बारा किलोमीटर, पण रात्रीची वेळ, पाऊस आणि वाटेत माणूस नाही. इतकी वर्षं आम्ही वडापच्या जीपवाल्याला सांगून ठेवायचो. माणूस भला, पण गणपतीत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. गेल्या वर्षी एका जागराच्या रात्री तो आलाच नाही. पखवाजाला प्लॅस्टिक गुंडाळून आम्ही दीड तास यजमानांच्या पडवीत बसलो. शेवटी त्यांच्या मुलाने दोन फेऱ्या मारून सगळ्यांना घरी सोडलं. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू उतरताना एवढंच म्हणाल्या, "आता आपलीच गाडी बघू या गो."

मंडळाच्या बिदागीचे साठलेले पैसे होते, उरलेले मी घालायचे ठरले. गाडी चालवता येते ती मला एकटीला, म्हणून गाडी माझ्या नावावर. नवी व्हॅन परवडणारी नव्हती. म्हणजे जुनी घ्यायची. आणि जुनी म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो भरवशाचा.

भरवसा या शब्दाचा अर्थ मला माझ्या वडिलांच्या, नानांच्या ऑम्नीतून कळलेला. १९८४ साली मारुतीने ही व्हॅन आणली, पुढे १९८८ मध्ये तिला ऑम्नी हे नाव मिळालं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. नानांनी घेतली तेव्हा ती दुसऱ्या हाताची होती. दर रविवारी नाना सीट उचलून बसत. प्लग काढून पॉलिश पेपरने घासत, कार्बोरेटर साफ करत, पॉइंटचं अंतर बघत. मी शेजारी पाने घेऊन उभी. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असत. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. गाडी लाखाच्या पुढे जाईल अशी बनवणाऱ्याचीही फारशी अपेक्षा नसावी, असं मला आता वाटतं.

एकदा कराडला लग्नाला निघालो होतो. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि तापमानाचा काटा वर वर जायला लागला. नानांनी गाडी कडेला घेतली. रेडिएटरचा रबरी होज चिरला होता. तो फुगलाय हे त्यांना दोन आठवडे माहीत होतं, बदलायचं राहून गेलं होतं, आणि ते त्यांनी तिथेच आईसमोर कबूल केलं. मग त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढला. इंजिन गार होईपर्यंत थांबले, होज फडक्याने कोरडा पुसला, ट्यूब ताणून ताणून त्यावर गुंडाळली, वरून बाइंडिंग वायरचे दोन फास आवळले. कडेच्या ओहोळाचं पाणी कॅनमध्ये भरून ओतलं. झाकण मुद्दाम अर्धवट बसवलं, म्हणजे आत फार दाब धरणार नाही. त्या पट्टीवर आम्ही कराडला पोचलो, लग्न जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी नवा होज घालून परत आलो.

गाडी बंद पडते, पण आपल्याला टाकून जात नाही, हा भरवसा मी त्या दिवशी पाहिला. त्यामुळे व्हॅन बघायला लागले तेव्हा मन साहजिकच जुन्याकडे ओढत होतं. ऑम्नी २०१९ मध्ये बंद झाली, पण चांगल्या ठेवलेल्या ऑम्नी अजून मिळतात. घेऊन टाकावी एखादी, असं वाटायचं.

माझ्या भावाची गाडी मात्र वेगळंच सांगत होती. चार वर्षांत त्याने ती सत्तर हजार किलोमीटर फिरवली. ऑइल आणि फिल्टर सोडून बॉनेटखाली हात घालावा लागला नाही. नानांना हे स्वप्नातही खरं वाटलं नसतं. मग एके दिवशी सकाळी ती सुरूच होईना. दिवे लागत होते, स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. टो करून शहरात नेली. उंदराने एक वायर कुरतडली होती. एकच वायर! पण ती ज्या जुडग्यात होती ते जुडगंच बदलावं लागेल असं सांगण्यात आलं, ते मागवायला अकरा दिवस गेले, आणि बिल पाहून भाऊ गप्प बसला. आमच्या गॅरेजचे मिस्त्रीकाका म्हणाले, "मी सोल्डर करून, टेप मारून दिली असती. पण कुठली वायर ते शोधायला त्या गाडीचा नकाशा लागतो, तो माझ्याकडे नाही."

मला त्या एका वाक्यात दोन्ही काळांतला फरक सापडला. आजच्या गाड्या कच्च्या झाल्या आहेत असं लोक म्हणतात ते मला पटत नाही. त्या पूर्वीपेक्षा कितीतरी कमी वेळा बिघडतात. पण बिघडल्या की त्यांचा वैद्य जवळ नसतो. पूर्वी वैद्य दर पाच मैलांवर होता, कारण त्याची गरजच तेवढी पडायची. रात्री साडेबाराला सात बायकांना घेऊन गावाबाहेर उभं राहायची वेळ आली, तर गाडी वर्षातून किती वेळा बंद पडते याला महत्त्व आहेच, पण बंद पडल्यावर दुरुस्त करणारा किती लांब आहे यालाही तेवढंच आहे. मी गाडी शोधताना या दोन्ही गोष्टी धरून चालले.

मिस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बाय, शक्यतो ०८ ची घेऊ नको. घाटावरची बघ. ५० नाहीतर ११." म्हणजे रत्नागिरी पासिंगची नको, कराड किंवा साताऱ्याची बघ. कोकणात पत्रा वर्षातले चार महिने ओला असतो, त्यात खारी हवा. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण चासीला आतून गंज लागला की त्याला उपाय नाही. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर तो कशावर मारलाय ते स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघायचं. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. आम्ही ताल ओळखणाऱ्या बायका, हे मला चटकन जमलं.

तरी पहिली गाडी बघितली ती चिपळुणातच. २०२० ची ईको, म्हणजे मारुतीचीच नंतरची व्हॅन, पांढरी शुभ्र, आतून नवी कव्हरं, आणि बाजारभावापेक्षा जवळजवळ लाखाने कमी. विकणारा म्हणाला, मालक परगावी गेले, घाई आहे. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट हळूहळू बाहेर ओढत गेले. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली ती वेगळ्या रंगाची होती, आणि बोटांना चरचरीत लागली. पट्ट्याचं ते टोक एरवी गुंडाळीच्या आत असतं, कुणी धुवायला जात नाही. मी ते नाकाशी नेलं. त्या वासाची ओळख चिपळुणातल्या कुणालाही करून द्यावी लागत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर कित्येक आठवडे आमच्या भांड्यांना, कपाटांना, दप्तरांना हाच वास होता. वाशिष्ठीचा गाळ.

मी काही न बोलता बेल्ट परत आत सोडला. राग आला होता, खरं सांगते. पुरात कुणाची गाडी गेली यात कुणाचा दोष नाही. पण ती पॉलिश करून, काही न सांगता, त्याच गावातल्या दुसऱ्या माणसाच्या गळ्यात मारायची हे मला सहन झालं नाही.

पुरात बुडालेली गाडी या प्रश्नावर मिस्त्रीकाकांनी मला जे समजावलं, तेवढं दुसऱ्या कशानेच समजलं नसतं. नानांच्या काळातली गाडी बुडाली तर ऑइल काढायचं, टाकी रिकामी करायची, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर उन्हात सुकवायचा, डायनॅमो खोलायचा. आठवड्यात गाडी रस्त्यावर. आजच्या गाडीत डझनावारी सेन्सर असतात. त्यातले बरेचसे पाच व्होल्टवर चालतात आणि त्या पाच व्होल्टांतल्या बारीक चढउतारांवरून कॉम्प्युटर किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी टाकायची ते ठरवतो. कनेक्टरच्या पिनेवर हिरवट चढ आला की तो आकडा चुकतो. कॉम्प्युटर खोट्या आकड्यावर विश्वास ठेवतो. आणि हे लगेच होत नाही. गाडी सहा महिने, वर्षभर बरी चालते. मग एक दिवस थांबते, दुसऱ्या दिवशी आपोआप चालू होते, बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरला काही सापडत नाही. घाटावरची घे म्हणणाऱ्या काकांनी त्याचमुळे पुढे जोडलं, की सांगली-कोल्हापूरची असेल तर २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात ती कुठे उभी होती ते विचार.

मधे एका ओळखीच्यांनी मोठी डिझेल गाडी सुचवली, नऊ जणांची, बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांत बसणारी. दणकट होती यात शंका नाही. पण या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारा एक फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला त्याला तापायला हवं, आणि तापायला गाडी बराच वेळ एका वेगात पळायला हवी. आमच्या फेऱ्या म्हणजे आठ किलोमीटर जा, दोन तास थांब, आठ किलोमीटर ये. फिल्टर तुंबणार हे ठरलेलं. हमरस्त्यावर रोज धावणाऱ्याला तीच गाडी उत्तम आहे. आमच्या कामाची नाही. पेट्रोलच्या बाबतीत मात्र बीएस-६ ची जेवढी भीती घातली जाते तेवढी मला कुठे दिसली नाही.

म्हणजे ऑम्नी की ईको, एवढंच उरलं. आणि इथे मला नानांची आठवण बाजूला ठेवावी लागली. ऑम्नीत ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे पत्रा आणि त्यापुढे रस्ता. ईकोसुद्धा काही सुरक्षिततेसाठी नावाजलेली गाडी नाही. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने एअरबॅग नसलेली ईको आदळून पाहिली, तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी तिला शून्य तारे मिळाले. मी ते वाचून दोन दिवस गाडी बघणं थांबवलं होतं. सात जणींच्या घरी सात कुटुंबं आहेत. मग नियम वाचत गेले. १ एप्रिल २०१९ पासून नव्या विकल्या जाणाऱ्या गाड्यांना चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं, १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण आणि वेग वाढला की वाजणारा इशारा. एका एअरबॅगने गाडी काही अभेद्य होत नाही. पण ओल्या घाटरस्त्यावर ब्रेक दाबल्यावर चाकं न लॉक होणं, हे आमच्यासाठी एअरबॅगपेक्षाही मोलाचं. मी मनाशी रेघ ओढली. जुलै २०१९ च्या आधीची गाडी नको, मग ती कितीही गोड चालू दे. आणि आमचा वेग पन्नासच्या वर जाणार नाही, सातही जणी बेल्ट लावतील, हे मंडळाच्या बैठकीत ठरवून घेतलं.

ईको निवडण्याचं आणखी एक कारण होतं आणि माझ्या लेखी ते सगळ्यात मोठं. २०१० मध्ये आलेली ही गाडी २०२३ पर्यंत दहा लाखांवर विकली गेली. रुग्णवाहिका तीच, शाळेची गाडी तीच, पाव-बिस्किटं वाटणारी तीच. चिपळूण ते कराड रस्त्यावर कुठल्याही टपरीवजा गॅरेजात तिची सीट उचलून आत काय आहे ते न बघता सांगणारा माणूस आहे. वैद्य पुन्हा पाच मैलांवर आला.

आमची गाडी मिळाली ती कराडजवळच्या एका शेतकरी कुटुंबाकडे. नोव्हेंबर २०१९ ची, सात सीटर, एसी नसलेली, एकहाती वापरलेली, ५८ हजार किलोमीटर. मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं. सकाळी सात वाजता पोचलो. मिस्त्रीकाकांनी आधी सीट उचलून इंजिनाला तळहात लावला. गार होतं. मग चावी. दुसऱ्या फेऱ्याला पकडलं. मागे धूर नाही, निळा नाही की पांढरा नाही. डिपस्टिक पुसून पुन्हा घातली, ऑइल मधाच्या रंगाचं. ऑइलमध्ये पाणी मिसळलं असतं तर ते दुधाळ दिसलं असतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर ३८१९ होतं. म्हणजे टायर कंपनीतून आलेले तेच. नक्षी भरपूर उरली होती, पण काका म्हणाले, "रबर किलोमीटरने म्हातारं होत नाही, वर्षांनी होतं." चार टायरचे पैसे किमतीतून कमी करून मागितले, त्यांनी तक्रार न करता केले.

मला गाडी पसंत पडली ती मात्र एका वेगळ्याच जागी. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर ऑइल बदलल्याची स्टिकरं असतात ना, तारीख आणि किलोमीटर पेनाने लिहिलेली, तिथे एकावर एक सात-आठ थर चिकटवलेले होते. मी वरचं नखाने उचललं. खाली आधीचं. त्याखाली त्याच्या आधीचं. कधी निळी शाई, कधी काळी, एकदा शिसपेन्सिल. लॉकडाऊनच्या वर्षात गाडी फारशी चाललीच नव्हती, तरी त्या वर्षाचंही स्टिकर होतं, किलोमीटर जेमतेम वाढलेले. मालकांना विचारलं, तेव्हा ते साधेपणाने म्हणाले, "जनावर बांधून ठेवलं तरी वैरण घालावीच लागते की ताई." मी तिथेच विसार दिला. ३ लाख २० हजारांना व्यवहार ठरला.

कागदांचं सांगते, कारण लोक इथे फसतात. कर्ज असेल तर आधी आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीवरचा, बोजा उतरवून घ्यायचा, बँकेच्या पत्राचा फोटो दाखवला म्हणून समाधान मानायचं नाही. गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या समोर घ्यायच्या. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायचा. जिल्हा बदलला तरी राज्य तेच, त्यामुळे नंबर तोच राहिला. आमच्या चिपळुणात आता ५० ची गाडी फिरते.

आणल्यावर पहिल्या आठवड्यात सगळे रबरी होज बदलून टाकले, एकही फुगलेला नसताना. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि २०१९ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने एकतृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा मायलेज थोडं पडणार, ते धरून चालायचं. सरकत्या दाराचे रोलर नवे घातले. काकूंना आता ते एका हाताने उघडता येतं. हत्यारांच्या पिशवीत नानांची सवय म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला, आणि भाच्याच्या आग्रहाने एक छोटा स्कॅनर घेतला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा. तो फोनशी जोडला जातो. हा कशाला लागणार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आषाढीच्या दोन दिवस आधी एका वाडीत भजन होतं. त्याच सकाळी मिस्त्रीकाकांनी इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल साफ करून दिला होता. परतताना पावणेबारा वाजले, पाऊस धो धो, आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. इंजिन जागच्या जागी धडधडायला लागलं. मागच्या गप्पा एकदम थांबल्या. दिवा लुकलुकत नव्हता, स्थिर होता. लुकलुकता असता तर तिथेच इंजिन बंद करावं लागलं असतं. मी एका बंद दुकानाच्या शेडखाली गाडी घेतली आणि स्कॅनर खोचला. हात थरथरत होता. फोनवर बिघाडाचा एक कोड आला. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा.

मी इतके दिवस मानत आले होते की जुनी गाडी बोलते आणि नवी मुकी असते. ती मुकी नव्हती. ती नेमकं बोट ठेवून सांगत होती, कुठे दुखतंय ते.

इंजिन बंद केलं. दोघी उतरल्या, पुढची सीट उचलली. काकूंनी टॉर्च धरला. सकाळी काका जिथे काम करत होते तिथे बघत गेले. एक कनेक्टर बसल्यासारखा दिसत होता, पण बोटाने हलवला तर हलत होता. खाली गरम होतं, म्हणून पदराचं टोक बोटांना गुंडाळून तो दाबला. टक् असा आवाज झाला. पावसातही सगळ्यांना ऐकू आला.

चावी फिरवली. इंजिन एकसारखं चालायला लागलं. मी फोनवरून कोड पुसला, दिवा विझला. मागे पखवाजवालीने पखवाज पुन्हा मांडीवर घेतला, वरचं प्लॅस्टिक नीट केलं, आणि काकू सीटवर बसता बसता म्हणाल्या, "बेल्ट लावा गो सगळ्यांनी."